जीआरई दुसऱ्यांदा: ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

काल जीआरई दिली, परदेशी युनिव्हर्सिट्या पुढच्या शिक्षणासाठी मागतात ती परीक्षा. शेवटचा सेक्शन संपला की व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांटचे (गणित) आकडे लगेच स्क्रीनवर येतात, १४७ आणि १६२, म्हणजे ३०९. निबंधाचे मार्क आठ-दहा दिवसांनी. मी ३१८ धरून चालले होते. बाहेर आले तर आईचा फोन, तिला म्हटलं बरी गेली, आणि मग रिक्षात बसून रडले.

आज सकाळी ठरवलं परत द्यायची. नियम असा आहे की दोन परीक्षांमध्ये निदान २१ दिवस जावे लागतात आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाचदा देता येते. म्हणजे याच महिन्याच्या शेवटी पण देता आली असती पण तीन आठवड्यांत मी तीच असेन आणि माझी अभ्यासाची पद्धत पण तीच असेल, म्हणून ११ ऑक्टोबरचा शनिवार बुक केला. दहा आठवडे मिळतात आणि डिसेंबरच्या डेडलाइनच्या आधी स्कोअर हातात येतो. रूममेट म्हणाली अगं आता किती युनिव्हर्सिट्या जीआरई मागतच नाहीत, सोड ना. माझ्या यादीत आठ आहेत, परत एकेक साइट उघडून बघितलं, तीन ठिकाणी लागतेच, दोन ठिकाणी दिली तर चालेल असं आहे. माझा सीजीपीए ७.४, त्यामुळे मला ती दोन पण सोडायची नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

आज जुनी डायरी काढली. एप्रिलपासून मी रोज किती तास अभ्यास केला ते लिहीत होते, बेरीज केली तर २१० तास निघाले. इतके तास करून १४७? म्हणून मग त्या तासांत नक्की काय केलं ते आठवेल तसं बाजूला पेन्सिलीने लिहीत गेले. निम्म्याच्या आसपास वेळ व्हिडिओ बघण्यात गेलाय, समोरचा माणूस गणित सोडवतोय आणि मी मान हलवतेय. मग शब्दांच्या याद्या हायलायटरने रंगवणं. गणितात अंकगणित आणि बीजगणित, कारण ते येतं आणि केलं की बरं वाटतं. घड्याळ लावून सोडवलेले सेक्शन फक्त सहा. आणि पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, एकच, ती पण शेवटच्या आठवड्यात. जीआरई घेणारी संस्था ईटीएस दोन पूर्ण मॉक फुकट देते, त्यांना मी हातच लावला नव्हता, तयारी झाली की देऊ म्हणून जपून ठेवल्या होत्या.

हे वाचताना खूप वाईट वाटलं पण एक गोष्ट स्पष्ट झाली, मी तास लिहीत होते आणि चुका कुठेच लिहिल्या नव्हत्या. चार महिन्यांत माझं काय चुकतं याची एक ओळ नाही.

आजपासून तास लिहायचे नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेत जागा घेतली. खोलीवर अभ्यास होत नाही हे मान्य करायला मला चार महिने लागले. इथे सगळे एमपीएससी-यूपीएससीवाले, टेबलाला लाकडी कप्पे, ज्याच्या त्याच्या कप्प्यात नकाशे आणि वेळापत्रकं चिकटवलेली. लॉकर मिळतो, मोबाइल त्यात ठेवायचा आणि चावी पेनाच्या पाऊचमध्ये. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तीनदा हात खिशाकडे गेला.

माझा दिवस असा: नळस्टॉपहून सकाळी कंपनीची बस, चाकणला साडेआठची जनरल शिफ्ट, संध्याकाळी परत येताना मोशी-भोसरीचं ट्रॅफिक, कर्वे रोडला उतरेपर्यंत सव्वासात-साडेसात. जेवून अभ्यासिकेत आठ ते दहा. रोज दोनच तास मिळणार आहेत. पूर्वी मी चार तासांचं प्लॅनिंग करायचे, ते हुकायचं, आणि हुकलं म्हणून त्या दिवशी काहीच करायचे नाही. आता दोनचंच प्लॅनिंग. बसमधला वेळ वेगळा, तिथे फक्त शब्द.

१३ ऑगस्ट, बुधवार

चुकांची वही सुरू केली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला तीन ओळी: प्रश्न कशावर होता, मी काय केलं, आणि का केलं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते. कारणाला एक खूण पण करायची, 'ये' म्हणजे येतच नव्हतं, 'वा' म्हणजे नीट वाचलं नाही, 'घा' म्हणजे घाई, 'अं' म्हणजे अंदाज. अंदाजाने उत्तर बरोबर आलं तरी ते वहीत जाणार, हा नियम मी मुद्दाम केलाय, कारण परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही, रिकामं काहीच सोडायचं नसतं, मग बरोबर आलेल्यांत पण किती नुसते ठोकलेत ते कळत नाही.

आजचा क्वांट सेक्शन, १२ प्रश्न, २१ मिनिटं. चार चुकले. एक 'ये', तीन 'वा'. एकात त्रिज्या विचारली होती, मी व्यास दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या टेबलावर एक ताई बसतात, धाराशिवच्या, राज्यसेवेची तयारी करतायत, तिसरा अटेम्प्ट. चहाला खाली गेलो तर त्यांनी विचारलं काय वाचतेस रोज एवढ्या मन लावून. मी शब्दांची यादी दाखवली. त्यांनी माझ्या हातातून घेतली, मिटली आणि म्हणाल्या, "आता सांग बरं, या पानावरचे दहा." मला चार आले. मी म्हटलं ताई, आत्ताच तर वाचलं होतं. "वाचलं होतंस, विचारलं नव्हतंस स्वतःला. पान मिटल्याशिवाय अभ्यास होत नसतो बघ, मी दोन अटेम्प्ट घालवून शिकले."

घरी येऊन यावर शोधलं तर यावर रीतसर प्रयोग झालेत. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा, अमेरिकेत सेंट लुइसला केलेला. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के आणि परत वाचणाऱ्यांच्या ४२. मला यातली पाच मिनिटांची गोष्ट जास्त लागली, कारण माझं एप्रिल ते जुलै तेच होत होतं, रात्री यादी वाचली की सगळं आल्यासारखं वाटायचं आणि मी समाधानाने झोपायचे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. ही पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची, १९७२ सालची. शब्दाचं कार्ड आधी पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज. आलं की पुढच्या कप्प्यात, तो एक दिवसाआड, मग चार दिवसांनी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी. चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. दिवसांचे आकडे मी माझ्या सोयीने घेतलेत. मोबाइलवर हेच करणारी अॅप्स आहेत पण मोबाइल लॉकरमध्ये आहे आणि तो तिथेच राहू दे.

कार्डामागे मी इंग्रजी अर्थ लिहायचे. आज कंटाळून एकावर मराठी लिहिलं. टॅसिटर्न: घुम्या. बस, परत बघायची गरजच पडली नाही, डोळ्यासमोर आमच्या गल्लीतले एक काका आले. मग रात्री साठ कार्डं तशीच केली. इक्विव्होकल म्हणजे गुळमुळीत. पार्सिमोनियस म्हणजे कवडीचुंबक. ऑब्सीक्वियस, लाळघोट्या. इनव्हेटरेट, मुरलेला. गॅर्युलस, तोंडाळ लिहिलं होतं, मग खोडून बडबड्या केलं, कारण तोंडाळ माणूस भांडतो, गॅर्युलस नुसता बोलत सुटतो. हा फरक करताना जी दोन मिनिटं गेली त्यातच तो शब्द पक्का झाला. एनर्व्हेट मी कायम एनर्जीशी जोडून चुकवायचे, त्याला लिहिलं: गळून जाणे, उन्हातून आल्यावर जसं होतं तसं.

दहावीपर्यंत मराठी मीडियम, कराडला. इंग्रजी नवीन शिकायचं तर मराठी मागे टाकावी लागते असं मला कॉलेजपासून वाटत आलंय, कुणी तसं शिकवलं नाही पण वाटत आलंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसमध्ये फिक्स्चरच्या ट्रायल, दोन दिवस रात्री दहाला सुटले. अभ्यास शून्य. बसमध्ये कार्डं केली, वीस.

३१ ऑगस्ट, रविवार, कराड

गौरींसाठी आले काल. आज आवाहन, उद्या पूजन. पूर्वी सणाला घरी आले की पुस्तकांची बॅग भरून आणायचे, न उघडता परत न्यायचे आणि चार दिवस मनात टोचणी. या वेळी फक्त चाळीस कार्डं आणली, रबर लावून. मावशीची मुलगी सातवीत आहे, तिने सकाळी करंज्या भरता भरता माझी परीक्षा घेतली. ती इंग्रजी शब्द वाचायची, मी मराठी सांगायचे, चुकलं की आजी पण हसायची. चाळीसपैकी एकतीस. आईने विचारलं एवढ्यावर भागेल का गं. म्हटलं आई, चार दिवसांत एवढंच करायचं ठरवलंय आणि ते होतंय.

७ सप्टेंबर, रविवार

पहिली अधिकृत मॉक. अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून, सकाळी नऊला, जशी खरी परीक्षा तशी. १ तास ५८ मिनिटं, मध्ये ब्रेक नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून परीक्षा छोटी झाली, पण छोटी म्हणजे सोपी नाही, प्रश्न कमी झाल्याने प्रत्येक चूक महाग झालीये. पहिल्यांदा निबंध, ३० मिनिटं, त्यात डोकं इतकं दमलं की पुढच्या व्हर्बलच्या पहिल्या चार प्रश्नांत मी नुसतीच ओळींवरून डोळे फिरवत होते. हे सुट्टे सेक्शन सोडवताना कधीच कळलं नसतं.

व्हर्बल १५०, क्वांट १६३.

प्रत्येक विषयाचा दुसरा सेक्शन पहिल्यावरून ठरतो, पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड येतो आणि स्कोअरची मर्यादा पण वर जाते. माझा व्हर्बलचा पहिलाच ढिला पडतो, त्यामुळे दुसरा मला सोपा वाटतो, आणि मी मागच्या वेळी खूश झाले होते की वा, दुसरा छान गेला. आता रोज संध्याकाळी दोन तासांची सुरुवात निबंधाच्या आराखड्याने करणार, विषयांची पूर्ण यादी ईटीएसच्या साइटवर आहेच, एक विषय घ्यायचा, दहा मिनिटं मुद्दे, आणि लगेच न थांबता व्हर्बल. दमल्यावर वाचायची सवय लागायला हवी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवते.

उताऱ्यांत मी फार हळू आहे. प्रत्येक वाक्य मनात मराठीत फिरवते, मग पुढचं. सगळे सांगतात भाषांतर करू नका, थेट इंग्रजीत विचार करा. महिनाभर तसा प्रयत्न केला, वेग वाढला पण उतारा संपल्यावर हाताला काही लागायचं नाही. आज वैतागून उलट केलं. वाक्यागणिक भाषांतर पूर्ण बंद, पण परिच्छेद संपला की थांबून मराठीत एक ओळ लिहायची, आईला फोनवर सांगितल्यासारखी. 'जुने लोक म्हणायचे कोळी जाळं फक्त शिकारीला विणतो, ही बाई म्हणते तसं नाहीये.' 'पण तिचा पुरावा एकाच जातीचा आहे, लेखकाला तेवढा पटलेला नाही.' झालं. दोन ओळी. मग प्रश्न बघितले तर लेखकाचा सूर काय असा प्रश्न होता आणि पर्यायात होतं क्वालिफाइड अप्रूव्हल. एरवी क्वालिफाइड म्हणजे पात्र असं वाटून मी ते सोडलं असतं, पण माझ्या ओळीत 'तेवढा पटलेला नाही' होतं, म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक, तेच उत्तर.

गाळलेल्या जागांना पण हेच लावून बघितलं. पर्याय हाताने झाकायचे, रिकाम्या जागी आधी मराठी शब्द ठेवायचा. समीक्षकांनी नाटकाचं कौतुक केलं खरं पण ते अमुक होतं, एकाही प्रसंगाचा त्यात उल्लेख नव्हता, अशा अर्थाचं वाक्य. मी मनात ठेवलं 'तोंडदेखलं'. हात काढला, पर्यायात पर्फंक्टरी. पर्याय आधी वाचले की सहाही बरोबर वाटायला लागतात. आज १२ पैकी ९, १७ मिनिटांत. घरी चालत येताना खूप हलकं वाटत होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

क्वांटचा क्रम मोडला. मी चार दिवस भूमिती, मग चार दिवस प्रॉबॅबिलिटी असं करायचे, आणि प्रॉबॅबिलिटीच्या चौथ्या दिवशी भूमिती विसरलेली असायची. यावर पण रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग आहे, घनाकृतींच्या घनफळाची गणितं, एका गटाला प्रकारावार, दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना प्रकारावारवाले पुढे होते, आठवड्याने परीक्षा घेतली तर मिसळवाल्यांना ६३ टक्के आणि त्यांना २०. कारण परीक्षेत गणितावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं, हे कुठलं गणित आहे ते ओळखणं हाच अर्धा भाग, आणि धड्यावार केलं की त्याचा सराव होतच नाही.

मिसळून करायला लागल्यापासून रोज जास्त चुकतंय. भीती वाटते. पण आठवडा बघणार.

२१ सप्टेंबर, रविवार

वही मोजली. १३ ऑगस्टपासून १४८ नोंदी. 'ये' ४१, 'वा' ५२, 'घा' १९, 'अं' ३६. म्हणजे मला येत नाही म्हणून चुकलेलं तिसऱ्या हिश्शाहून कमी आहे. आणि मी चार महिने फक्त 'ये'वर उपाय करत होते, अजून व्हिडिओ, अजून धडे.

'वा'मध्ये सगळ्यात जास्त क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझन. एका बाजूला एक्सचा वर्ग, दुसऱ्या बाजूला एक्स, मोठं कोण? माझ्या डोक्यात एक्स म्हटलं की २ किंवा ३ च येतो. अर्धा घेतला तर वर्ग पाव होतो, लहान. शून्य आणि एकला दोन्ही सारखे. म्हणजे सांगता येत नाही हेच उत्तर. असे अकरा. आता कच्च्या कागदावर सेक्शन सुरू होताच वर लिहायचं: ०, १, -१, अर्धा, उणे अर्धा. आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य, नक्की काय विचारलंय ते, आधी कागदावर एका शब्दात. त्रिज्या. टक्के. किती जण उरले.

२७ सप्टेंबर, शनिवार

मराठवाड्यात पावसाने हाहाकार केलाय. ताईंच्या गावाकडे शेतात पाणी, सोयाबीन गेलं, भावाचा फोन दोन दिवस लागत नव्हता. उद्याची राज्यसेवा पूर्व पुढे ढकलली, आता ९ नोव्हेंबर. अभ्यासिकेत सगळे एकदम उठून बाहेर जिन्यात उभे होते, कुणाला सुटल्यासारखं वाटत होतं, कुणाला सगळी तयारी परत सहा आठवडे ताणून धरायचं टेन्शन. ताई म्हणाल्या गावी जायला रस्ता चालू झाला की जाऊन येते, मग परत पहिल्या पानापासून. मी काय बोलणार. चहाचे पैसे मी दिले.

संध्याकाळी एक सेक्शन केला, लक्ष नव्हतं, आठ चुकले, वहीत लिहिले पण खूण नाही केली.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी अधिकृत मॉक. व्हर्बल १५३, क्वांट १६६. गणितं मिसळून केल्याचा परिणाम दिसतोय. निबंधानंतर दमायला झालं पण वाचता येत होतं. व्हर्बलच्या १५ च्या सेक्शनला २३ मिनिटं, त्यात एका लांब उताऱ्यावर मी सहा मिनिटं घालवली आणि शेवटचे तीन घाईत. ठरवलं की लांब उतारा खूण करून शेवटी, सेक्शनच्या आत मागेपुढे जाता येतं त्याचा उपयोग करायचा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नवीन काही नाही. पहिल्या कप्प्यात नऊच कार्डं उरलीत. पासपोर्ट काढून पिशवीत ठेवला, ओळखपत्र म्हणून तोच चालतो. मागच्या वेळी आदल्या रात्री दीडपर्यंत याद्या वाचल्या होत्या, या वेळी तीन दिवस झाले साडेदहाला दिवा बंद. बाबांनी फोन करून इतकंच विचारलं की सेंटरला कशी जाणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

व्हर्बल १५४, क्वांट १६५. ३१९.

क्वांटच्या दुसऱ्या सेक्शनला एका आलेखावर टक्क्यांनी झालेली वाढ आणि टक्केवारीतला फरक यात अडकले, तिथे किमान एक गेला असणार. व्हर्बलच्या एका उताऱ्यात कागदावर मराठीत तीन ओळी लिहिल्या, कच्चा कागद परत घेतात, नाहीतर तो मी ठेवला असता.

बाहेर येऊन आईला फोन केला. ती म्हणाली आवाजावरून कळलं गं, थांब बाबांना देते.

२० ऑक्टोबर, सोमवार, कराड

अधिकृत स्कोअर आला, निबंधाला ४, मागच्या वेळी ३.५ होते. स्कोअर पाच वर्षं चालतो आणि कुठल्या परीक्षेचा पाठवायचा ते आपण निवडू शकतो, त्यामुळे ऑगस्टचा कुणाला दाखवायची गरज नाही. तीन युनिव्हर्सिट्यांना आजच पाठवतेय, बाकी दोनचं एसओपी (अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं लेखन) झालं की.

शुक्रवारी अभ्यासिकेची चावी परत केली. ताई गावाहून आल्यात, त्यांनी विचारलं तो खोका देतेस का, चालू घडामोडींना करून बघते. मी कार्डं काढून घेतली, खोका दिला. त्यांनी कप्प्यांवरचे माझे आकडे खोडले, नऊ नोव्हेंबरपर्यंत दिवस कमी आहेत म्हणाल्या, आणि शेवटच्या कप्प्यावर पंधराच्या जागी आठ लिहिलं.